आखाताची ‘मेडिकल’ आणि आपला कायदा

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर घर चालेनासे झाले, तेव्हापासून कास्तकारांची अनेक मुले आयटीआयमधून वेल्डर, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन आखाती देशांत कामाला जाण्याची खटपट करतात. अशा मुलांना मी बरीच वर्षे शिकवले आहे. त्यांना द्याव्या लागणाऱ्या एका तपासणीबद्दल मला लिहायचे आहे.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहारीन या सहापैकी बहुतेक देशांच्या कामाच्या व्हिसासाठी उमेदवाराला भारतातच, ठरवून दिलेल्या केंद्रात, ‘मेडिकल’ करावी लागते. अशा केंद्रांच्या संघटनेच्या जुन्या नावावरून जुनी मंडळी तिला अजूनही ‘गामका’च म्हणतात. रक्तात एचआयव्ही आढळला की उमेदवार अनफिट ठरतो. तिकडे नोकरीत असताना पुढच्या एखाद्या तपासणीत तो आढळला, तर कामगाराला मायदेशी परत धाडले जाते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मुंबईच्या अशाच एका केंद्राने अनफिट ठरवले. त्याचे कारण त्याच्याआधी एजंटला कळले, एजंटकडून सोबतच्या पोरांना कळले आणि तो गाडीतून उतरून घरी पोहोचेपर्यंत गावात बातमी पसरली होती. रक्त कशाकशासाठी तपासणार हे त्याला आधी कुणी सांगितले नव्हते आणि आता औषधोपचारासाठी कुठे जायचे हेही नंतर कुणी सांगितले नाही. वावर गहाण ठेवून एजंटला दिलेले पैसे बुडाले ते वेगळेच. घरात त्याचे ताट, पेला आणि अंथरूण बाजूला काढले गेले. जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रातील, समुपदेशक ताईंनी त्याच्या आईला समोर बसवून समजावले, तेव्हा कुठे ताट पुन्हा सर्वांच्या पंगतीत आले. आज तो फॅब्रिकेशनच्या दुकानात दिवसभर वेल्डिंग करतो आणि रात्री न चुकता गोळी घेतो. जे काम तो इथे करू शकतो, ते मस्कत किंवा दोह्यात का करू शकत नाही, याचे वैद्यकीय उत्तर कुणाकडेही नाही.

प्रवाशांची तपासणी करून एचआयव्हीचा प्रसार थांबणार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1987 मध्येच सांगितले होते. त्याच वर्षी अमेरिकेने बाधितांना प्रवेशबंदी केली आणि ती उठायला 4 जानेवारी 2010 उजाडावी लागली. चीननेही 2010 मध्येच आपली बंदी मागे घेतली. तरीही 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने केलेल्या मोजणीत 48 देश व प्रदेशांत या ना त्या स्वरूपाचे निर्बंध शिल्लक होते. एकत्र राहण्या-जेवण्याने किंवा एकत्र काम केल्याने हा विषाणू पसरत नाही, आणि नियमित उपचाराने रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली आले की लैंगिक संबंधांतूनही तो जोडीदाराला होत नाही. उलट बंदीमुळेच माणसे लपवाछपवी करतात. सामान तपासले जाईल या धास्तीने गोळ्या दुसऱ्याच डबीत भरून नेतात, तिकडे दवाखान्यात जायला भितात, आणि गोळ्या संपल्या की उपचारच तुटतो. यात कोणत्या देशाच्या आरोग्याचे रक्षण होते?

कुणाला व्हिसा द्यायचा हे ज्या त्या देशाने ठरवायचे, हे मला मान्य आहे. पण सुई टोचली जाते ती आपल्या भूमीवर, आपल्या नागरिकाला, आणि इथे 10 सप्टेंबर 2018 पासून एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, 2017 लागू आहे. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करू नये, चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन व्हावे आणि निकाल गोपनीय राहावा, असे हा कायदा सांगतो. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणे हाही त्याच्या लेखी भेदभावच आहे. मग या केंद्रांत तो पाळला जातो की नाही, हे कोण पाहते? विदर्भातील खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा. आखाती देशांशी कामगारविषयक करार करताना ही अट काढून टाकण्याची मागणी परराष्ट्र मंत्रालयाने ठामपणे मांडावी, आणि ती मान्य होईपर्यंत निदान निकाल फक्त उमेदवाराच्या हाती पडेल व त्याला थेट जवळच्या एआरटी केंद्राची चिठ्ठी मिळेल, एवढी सक्ती तरी केंद्रांवर करावी.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे की, एजंटला पैसे देण्याआधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, तपासणी करून घ्यावी. ती मोफत आणि गोपनीय असते, आणि गरज पडल्यास उपचारही सरकारी केंद्रात मोफत मिळतात; 1097 या निःशुल्क क्रमांकावरही माहिती मिळते. आयटीआयच्या प्राचार्यांनी शेवटच्या वर्षाच्या वर्गात यासाठी एक तास राखून ठेवावा आणि त्या तासाला जवळच्या आयसीटीसीच्या समुपदेशकाला बोलवावे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ