तीनचाकी बाबागाडी घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. बाळाने मान धरली, आता कुशीवर वळायला लागलंय, हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. तू विचारलंस, "तीनचाकी बाबागाडी घेऊ का?" याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण गाडी एकदा घेतली की ती दोन-तीन वर्षं रोज हातात असते, म्हणून सगळं नीट लिहितो. सवडीने वाच, आणि वहिनींनाही वाचायला दे. गाडी त्याही ढकलणार आहेत आणि त्यांची उंची तुझ्यापेक्षा बरीच कमी आहे, हे निवडताना विसरू नकोस.

आधी माझं मत सांगून टाकतो. तुम्ही राहता तिथला फूटपाथ झाडांच्या मुळांनी उचललेला आहे, बागेतली वाट मातीची आणि खडीची आहे, आणि तुला पुढे बाळाला घेऊन पळायचंही आहे. तुझ्यासाठी तीनचाकीच योग्य. मात्र तीन चाकं आहेत एवढ्यावर भुलू नकोस. या गाडीचं सगळं बरंवाईट तिच्या पुढच्या एका चाकावर ठरतं. दुकानात रंग, टप, कप ठेवायची जागा हे सगळं नंतर बघ. आधी खाली वाकून ते चाक बघ.

बाबागाड्या दोन वेगवेगळ्या गरजांतून घडत गेल्या आहेत. ओवेन मॅक्लॅरन हे विमान-अभियंते होते, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले. त्यांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार करून तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिचा सगळा भर उचलण्यावर आणि मिटवण्यावर. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या याकिमा गावी फिल बेक्लर यांना आपल्या तान्ह्या मुलाला बरोबर घेऊन पळायचं होतं, म्हणून त्यांनी बाबागाडीला सायकलची चाकं लावली. आजच्या पळण्याच्या तीनचाक्या त्या वाटेने आल्या. त्यांचा भर खराब जमिनीवरून नीट धावण्यावर. आज दुकानात दोन्हींचे गुण एकाच गाडीत असल्याचं तुला सांगतील, आणि काही गाड्यांत ते थोडेफार असतातही. पण कुठलीही गाडी मुळात या दोहोंपैकी एका बाजूला झुकलेली असते. ती बाजू तू ओळखायचीस.

खडबडीत जमिनीवर तीन चाकं का बरी? जमीन कितीही उंचसखल असो, तीन बिंदू नेहमी एकाच वेळी टेकतात. चारचाकी गाडीचा सांगाडा ताठ असेल तर एक चाक अधांतरी राहतं आणि गाडी डुगडुगते. शिवाय तीनचाकीत बाळाचं बरंचसं वजन मागच्या आसावर असतं, पुढचं चाक हलकं राहतं. दांडा जरासा दाबला की ते उचललं जातं आणि फूटपाथची कड सहज चढता येते. चारचाकीत पुढची दोन्ही लहान चाकं कडेला एकदम अडकतात.

पण याच रचनेचे दोन धोके आहेत. पुढचं चाक हलकं असल्यामुळे दांड्याला जड पिशवी अडकवलीस तर गाडी मागे उलटू शकते. बाळ गाडीत असताना ती स्थिर वाटते. तू बाळाला उचलून घेतलंस की पिशवीचं वजन एकटंच उरतं. सामान ठेवायचं तर सीटखालच्या जाळीत, तेही लिहून दिलेल्या वजनाच्या आत. दुसरा धोका बाजूला कलंडण्याचा. तीन चाकांमधला त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. मूल वर्षाचं झालं, पुढे वाकून बाजूचं काही धरायला लागलं, त्याच वेळी तू उतारावर झटकन वळलास, तर आधार तोकडा पडतो. म्हणून मागची चाकं एकमेकांपासून लांब असलेली आणि सीट त्यांच्या जवळ, खालच्या बाजूला असलेली गाडी चांगली.

आता खालच्या सीटवरून एक गोष्ट आठवली, ती इथेच सांगतो. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं की बाबागाडीतलं मूल जमिनीपासून साधारण ०.५५ ते ०.८५ मीटर उंचीवरची हवा घेतं, आणि वाहनांच्या रस्त्यावर त्याच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण येऊ शकतं. म्हणजे स्थिरतेसाठी सीट खाली हवी आणि हवेसाठी वर. माझा कौल स्थिरतेला आहे, कारण रस्ता तू बदलू शकतोस. पाच-सात मिनिटं जास्त लागली तरी आतल्या गल्लीतून जा, आणि सिग्नलला गाडी पुढे काढून उभा राहू नकोस. तीनचाकीचं नाक लांब असतं, ते नकळत रस्त्यात जातं.

चाकाकडे परत येतो. पुढचं चाक तीन प्रकारचं असतं. एक, कायम सरळ राहणारं. पळायला उत्तम, पण वळताना दरवेळी पुढची बाजू उचलावी लागते, दुकानाच्या अरुंद रांगांत जीव जातो. दुसरं, मोकळं गरगर फिरणारं. चालताना एका हाताने गाडी वळते. पण वेग वाढला की घाईत ढकललेल्या सामानाच्या ट्रॉलीच्या चाकासारखं ते थरथरायला लागतं, आणि एखाद्या दगडाला लागून आडवं झालं तर गाडी जागच्या जागी थांबते आणि पुढे उलटू शकते. तिसरं, फिरणारं पण हवं तेव्हा खटका लावून सरळ अडकवता येणारं. तुला हे तिसरं हवं. सकाळी पळताना अडकवायचं, बाजारात जाताना सोडायचं. खटका वहिनींच्या हाताला सहज लागतो ना, अडकवल्यावर चाकाला खेळ राहत नाही ना, हे दुकानातच बघून घे. चांगल्या गाड्यांत चाक सरळ रेषेत आणायचा एक छोटा स्क्रू किंवा खुंटी असते. गाडी सोडली की एका बाजूला ओढत असेल तर त्याने दुरुस्त होतं.

बऱ्याच तीनचाक्यांचं पुढचं चाक झटपट काढता येतं. मोटारीच्या डिकीत ठेवायला ते सोयीचं आहे, पण नीट आवळलं नाही तर तेच चाक चालत्या गाडीतून निखळतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये याच कारणावरून एका उत्पादकाविरुद्ध तक्रार दाखल केली होती. पुढचं चाक सुटून मुलांना आणि मोठ्यांनाही दुखापती झाल्या होत्या. चाक पुन्हा बसवलं की गाडी उचलून, चाक धरून जोरात ओढून बघायचं. रोज. आमच्या घरी लेकीला गाडीत बसवण्याआधी हे केल्याशिवाय कुणी दाराबाहेर पडत नसे, आणि तुझ्याही घरी तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

टायरचं म्हणशील तर हवेचे घे. तुझ्या रस्त्याला दुसरं चालणार नाही. लहान खडे, फरशांच्या फटी, मुळांचे उंचवटे यांचा बारीक हादरा हवेचा टायर स्वतः दबून गिळतो. स्प्रिंगचं काम त्यानंतर सुरू होतं. फोम भरलेले किंवा भरीव टायर पंक्चर होत नाहीत हे खरं, गुळगुळीत रस्त्यावर तेच शहाणपणाचे. पण खडीवर त्यांचा खडखडाट बाळाच्या अंगापर्यंत पोचतो. चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यावरून सहज जातं. पुढे १२ इंच आणि मागे १६ इंच हे माप तुला पुरेल.

हवेच्या टायरची थोडी निगा लागते. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. काठोकाठ तेवढा भरलास तर गाडी दगडासारखी कडक होते, त्याच्या थोडं खाली ठेव. मागच्या दोन चाकांत हवा कमी-जास्त असली तर गाडी एका बाजूला जाते, आणि माणूस उगाच पुढच्या चाकाला दोष देत बसतो. बहुतेक गाड्यांचा व्हॉल्व्ह मोटारीच्या व्हॉल्व्हसारखाच असतो, तरीही पेट्रोल पंपावरच्या मशीनने हवा भरू नकोस. एवढ्याशा ट्यूबमध्ये हवा क्षणात भरते आणि ट्यूब फुटते. सायकलचा हातपंप बरा. पंक्चरही सायकलसारखंच काढता येतं.

तू पळायचं लिहिलंस म्हणून हे नीट ऐक. तीन चाकं आहेत म्हणून गाडी पळण्यासाठी आहे असं होत नाही. बाजारातल्या कितीतरी तीनचाक्या फक्त चालण्यासाठी बनवलेल्या असतात आणि तसं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पळायची गाडी म्हणजे पुढचं चाक अडकवता येणारं, टायर हवेचे, मागे चांगले स्प्रिंग, आणि दांड्याला मनगटात अडकवायचा पट्टा. उतार असेल तर हाताने दाबायचा ब्रेकही हवा. आणि अशी गाडी मिळाली तरी लगेच पळायचं नाही. बाळाची मान आणि पाठ हादरे सोसण्याइतकी बळकट व्हायला हवी. निदान सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांब, काही उत्पादक त्याहून जास्त सांगतात, आणि आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचार. तोवर चाल. भराभर चाललास तरी दम लागतो. आत्ता बाळ बसत नाही, तेव्हा सीट जवळजवळ आडवी होते का तेही बघ. पळण्याच्या काही तीनचाक्यांत ती तेवढी आडवी होत नाही.

तीनचाकीची एक उणीव मला खरंच खटकते. बहुतेकींत मूल पुढे तोंड करूनच बसतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांच्या २००८ मधल्या अभ्यासात असं दिसलं की मूल आपल्याकडे तोंड करून बसलेलं असताना आईवडील त्याच्याशी जवळपास दुप्पट बोलतात. तुमचं पहिलंच बाळ, त्याच्याशी गप्पा व्हायलाच हव्यात. सीट उलटी लावता येणारी तीनचाकी मिळाली तर उत्तम, मात्र ती जड असते आणि पळताना सीट पुढेच ठेवावी लागते. नाही मिळाली तर टपाला वरून बघायची खिडकी असलेली घे, आणि दर थोड्या वेळाने थांबून पुढे जा, त्याच्यासमोर बस, बोल.

पट्टे पाच बाजूंचेच हवेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे, एक पायांमधून. गाडीवर किंवा मॅन्युअलमध्ये ईएन १८८८ हे युरोपीय मानक लिहिलेलं असेल तर त्याचा कितवा भाग लिहिलाय ते वाच. पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलासाठी आहे, दुसरा त्यावर २२ किलोपर्यंत. गाडी तीन वर्षं वापरायची तर दुसऱ्या भागाची बघ.

दुकानात जाशील तेव्हा बाळाच्या वजनाएवढं काहीतरी सीटमध्ये ठेवून एका हाताने ढकलून बघ. दांडा वहिनींच्या उंचीला उतरतो का बघ. गाडी मिटवून त्यांना उचलायला सांग. तीनचाक्या मिटल्यावरही बोजड असतात आणि तुमची लिफ्ट लहान आहे, तेव्हा लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली लांबी घरूनच मोजून ने. मिटवताना-उघडताना सांध्यांत बोट कुठे सापडू शकतं तेही पाहून ठेव. पुढे बाळ जवळ उभं असताना गाडी मिटवायची नाही. सगळं करून दोन गाड्यांत मन अडलं, तर जिच्या ट्यूब आणि टायर सहज मिळतात ती घे.

मॉडेल ठरलं की मला कळव, त्याचं मॅन्युअल मीही वाचून काढतो. वहिनींना नमस्कार, बाळाला खूप खूप आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र