तारा खालूनच बघायच्या

माननीय संपादक,

कालच्या अंकात पणजीच्या मांडवी नदीवरच्या अटल सेतूचा रोषणाईतला फोटो अर्धे पान व्यापून होता. छान होता. 5.1 किलोमीटरचा पूल, मधोमध उभे मनोरे, त्यांतून पंख्यासारख्या उतरलेल्या तारा. गोव्याची शान आहेच, नाही कोण म्हणतो? पण लेखकमहाशयांनी शेवटी सुचवले आहे की मांडवीच्या मुखावरचा सूर्यास्त प्रत्येक गोंयकाराने एकदा तरी या पुलावरून पाहावा. कसा पाहू? माझ्याकडे स्कूटर आहे.

दुचाकी आणि रिक्षांना वर बंदी आहे, आम्ही खालच्या जुन्या पुलावरूनच जायचे, हे लेखात एका ओळीनेही नाही. बहुधा ते चारचाकीतून गेले असावेत.

सुरुवातीच्या दिवसांत मी पर्वरीकडून चुकून वरच्या रस्त्याला लागलो होतो. पोलिसाने अडवले आणि अगदी मायेने म्हणाला, "आजोबा, वर नाही, खाली." मागे चारचाकींचे हॉर्न, पुढे हा, आणि मी पायाने रेटत स्कूटर वळवतोय. कारण विचारले तर म्हणे सुरक्षितता. पावसाळ्यात जुन्या पुलावर वाऱ्याने हँडल हलते, ते त्याला कुणी सांगितले नसावे.

27 जानेवारी 2019 रोजी उद्घाटनाला आजारी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर नाकात नळी घेऊन आले होते. टीव्हीसमोर आमच्या घरात कुणी बोलले नाही. ज्यांच्या स्कूटरच्या गोष्टी अख्खा देश सांगतो, त्यांच्या हयातीत उभ्या राहिलेल्या पुलावर स्कूटरलाच मज्जाव! यावर अग्रलेख लिहिता आला तर पाहा.

माझ्यासारख्यांना पुलाचे कौतुक कमी आहे असे समजू नका. 5 जुलै 1986 रोजी मांडवीचा पहिला पूल कोसळला, तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर पावसात भिजत फेरीबोटीची वाट पाहत उभे राहण्यात किती सकाळी गेल्या, मोजल्या नाहीत. वह्या सदऱ्याच्या आत धरायचो, तरी शाई उतरायची. पूल म्हणजे काय, ते आमच्या पिढीला फोटोवरून कळलेले नाही.

आणि फेरीबोटीचा विषय निघालाच आहे तर, परवा बेतीच्या धक्क्यावर पाऊण तास उभा होतो. बोट समोरच्या काठाला दिसत होती, सुटत नव्हती. तिचाही फोटो छापा, रोषणाई नसली तरी चालेल.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक, पर्वरी