भूकंपाच्या बातमीत लाव्हा कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या मराठवाड्यात जमीन जरा हलली की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज फिरायला लागतो, खाली लाव्हा उकळतोय, जमीन त्याच्यावर तरंगतेय, आता ज्वालामुखी फुटणार. १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला तेव्हाही हेच, आणि माझ्या पुतणीच्या क्लासच्या नोट्समध्येसुद्धा "प्लेट्स (म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे प्रचंड तुकडे) वितळलेल्या खडकावर तरंगतात" असं सरळ छापलंय. हे चूक आहे, आणि लोक उगाच घाबरतात म्हणून लिहितोय.

त्या धक्क्याची खोली १० किमीच्या आसपास दिली होती. आपल्याकडे जमिनीचं कवचच ३५-४० किमी जाड आहे, म्हणजे जे काही झालं ते कवचातल्याच खडकात, जुन्या भेगेवर. कवचाखाली मँटल सुरू होतो तो पार २९०० किमीपर्यंत, आणि तो घन आहे. हे कुणी खाली जाऊन बघितलेलं नाही, माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, तेही १२ किमीच्या थोडं पुढेच, पण भूकंपाच्या ज्या एस लहरी असतात त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत आणि मँटलमधून मात्र आरपार जातात, म्हणजे तिथे खडकच आहे. त्या अडतात २९०० किमीला, तिथून खाली ५१५० किमीपर्यंत वितळलेलं लोखंड आहे आणि त्याच्या आत परत घन गाभा, जो इंगे लेमन या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये भूकंपाच्या नोंदी वाचून शोधला.

मग प्लेट्स हलतात कशा? प्लेटच्या खालचा खडक साधारण १३०० अंशांना तापलेला असतो, वरच्या दाबामुळे वितळत नाही पण मऊ पडतो आणि घन असूनच वर्षाला काही सेंटीमीटर सरकतो. आणि ओढ लागते ती मुख्यतः कडेने. समुद्रतळ जसजसा जुना होतो तसतसा थंड आणि जड होत जातो, शेवटी दुसऱ्या प्लेटखाली बुडायला लागतो आणि मागच्या सगळ्या प्लेटला ओढून नेतो, दोरीवर ओली गोधडी टाकली आणि एक बाजू जास्त लोंबली की सगळी गोधडी त्या बाजूला घसरते ना, तसं. खालून ढकलणं, वाहून नेणं हे पण आहे पण या ओढीपुढे कमी. पॅसिफिक प्लेटची लांबच लांब कड अशी बुडतेय आणि ती जोरात पळते, आफ्रिकेच्या प्लेटला तशी कड जवळजवळ नाही आणि ती रेंगाळते.

आपली भारतीय प्लेट एकेकाळी वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर वेगाने उत्तरेला जात होती कारण पुढचा टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत होता. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी खंडाला खंड भिडला, हिमालय उठायला लागला आणि वेग ५ सेंटीमीटरवर आला. त्या रेटारेटीचा ताण प्लेटच्या पोटात पार आपल्यापर्यंत येतो.

लाव्हा आपल्याकडे खरंच होता, आपला काळा दगड त्याचाच, पण ती गोष्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. प्लेट पुढे निघून आली आणि बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ज्या खोलवरच्या उष्ण जागेमुळे तो लाव्हा आला ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. हिंगोली-नांदेडखाली ती नाही.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास १० हजार माणसं गेली ती लाव्ह्याने नाही, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचं ओझं झोपेत अंगावर आलं म्हणून. अशी घरं आजही आमच्या गावागावात आहेत आणि त्यात माणसं राहतायत. म्हणून कळकळीची विनंती, पुढच्या धक्क्याच्या बातमीत खोली ठळक छापा, लाव्ह्याचं चित्र नको, त्या जागी दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड कसे बसवायचे, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना धरून काँक्रीटचा पट्टा कसा घालायचा आणि माळवदावरची माती कमी कशी करायची, हे एखाद्या इंजिनिअरकडून लिहून घेऊन द्या.

आपला,
एक वाचक, नांदेड