गाठीच्या आकाराबरोबर रुग्णाचे जगणेही पाहावे

संपादक महोदय,

स्नायू, चरबी यांसारख्या मृदू ऊतींमधील गाठी गोठवून नष्ट करण्याच्या उपचारावरील कालच्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. आर्गॉन वायूने गाठीत घातलेल्या सुईचे टोक कसे थंड होते, गोठवण्याची आणि वितळवण्याची आवर्तने कशी दिली जातात, सीटी स्कॅनवर बर्फाचा गोळा कसा दिसतो, हे सारे त्यात सविस्तर आहे. मात्र उपचारानंतर रुग्ण कसा जगतो, याविषयी एक वाक्यही नसावे, याचा मनस्वी खेद वाटला.

माझ्या धाकट्या बहिणीला खांद्यात डेस्मॉइड गाठ आहे. ही गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही; असे असताना आपण मथळ्यात तिला सरसकट ‘कर्करोग’ म्हटल्यामुळे काल दिवसभर नातेवाइकांचे घाबरून फोन येत होते. पसरत नसली तरी ती आसपासच्या स्नायूंत घुसते आणि शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळदा पुन्हा उद्भवते. बहिणीचे तसेच झाले. त्यानंतर प्रत्येक तपासणीत ‘गाठ स्थिर आहे’ एवढेच सांगून आमची बोळवण होई. ती शिक्षिका आहे. तिला वेणी घालता येत नव्हती, त्या कुशीवर झोपता येत नव्हते, फळ्यावर लिहायला हात उचलत नव्हता. परंतु याची विचारपूस कोणी केली नाही आणि केसपेपरवर त्याची नोंदही झाली नाही. पुढे दुसऱ्या रुग्णालयात गोठवण्याचा उपचार झाला. सुरुवातीला खांदा खूप सुजला, बोटांना मुंग्या येत राहिल्या, मग हळूहळू दुखणे उतरले. गाठ पूर्ण गेलेली नाही, पण बहीण पुन्हा फळ्यावर लिहिते, आणि आमच्या लेखी उपचाराचे यश तेच आहे.

डेस्मॉइड गाठी गोठवण्याच्या उपचारावरील फ्रान्समधील ‘क्रायोडेस्मो-०१’ अभ्यासात ५० रुग्णांपैकी ८६ टक्क्यांची गाठ वर्षभरानंतर वाढलेली नव्हती, हा आकडा आपण दिलात. त्याच अभ्यासात वेदना आणि हालचालींची क्षमता यांतही सुधारणा आढळली होती, ते मात्र वगळलेत. मज्जातंतूंना किंवा त्वचेला इजा होण्याचा धोकाही वाचकांना सांगायला हवा होता.

आणखी एक गोष्ट. विमा नियामकाने २०१९ मध्ये दिलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत हा उपचार नाही, याकडे बोट दाखवून बहिणीचा दावा नाकारण्यात आला. दुखणे सोसून थकलेल्या माणसाला खर्चासाठीही झगडावे लागते, यावर आपल्या वार्ताहरांनी अवश्य लिहावे.

– एक वाचक, डोंबिवली