वजनाच्या काट्यापेक्षा कंबरेची टेप : मित्रास पत्र

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दि. ६ जुलै

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या तपासण्यांचे कागद मिळाले आणि ते मी नीट वाचले. फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास की, वजन ७१ किलो, उंचीच्या मानाने ते काही जास्त नाही, मग डॉक्टरांनी ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ असे का लिहिले? या प्रश्नाचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहितो आहे. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करताना माझ्याकडे अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली जी माणसे येतात, त्यांतल्या अनेकांच्या जुन्या फायली चाळल्या की तुझ्या आजच्या कागदांसारखेच आकडे दिसतात. त्यांना ते कोणी त्या वेळी समजावून सांगितले नव्हते, किंवा सांगितले तरी त्यांनी मनावर घेतले नाही. तुझ्या हातात अजून वेळ आहे.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे साखर, चरबी आणि रक्तदाब यांचे बिघाड एकत्र येणे. या निदानासाठी पाच गोष्टी पाहतात आणि त्यांतल्या कोणत्याही तीन बिघडल्या की पुरे होते. आपल्याकडच्या पुरुषांत कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर किंवा अधिक, बायकांत ८०. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० किंवा अधिक. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. तुझी कंबर ९८, ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३६, रक्तदाब १३८/८८ आणि साखर ११२. यांतला एकेक आकडा सुटा धरला तर कोणीही ‘थोडेसेच वाढले आहे’ म्हणून सोडून देईल, आणि तू नेमके तेच करत आला आहेस. पण पाचही एकत्र आले आहेत याचा अर्थ त्यांचे मूळ एक आहे. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी हीच गोष्ट ठासून मांडली होती, की हे बिघाड योगायोगाने शेजारी आलेले नसून त्यांच्या मागे इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, शरीराने दाद न देणे आहे.

आता तुझ्या वजनाविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे जवळपास सारखे आणि आतून इतके वेगळे. आपल्या लोकांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातही ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठण्याकडे कल अधिक. त्यामुळे हातपाय बारीक आणि पोट पुढे असा माणूस ‘मी कुठे जाडा आहे’ म्हणत निर्धास्त राहतो. तुझे नेमके असेच झाले आहे.

पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून स्निग्धाम्ले सतत यकृताकडे जातात, यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडते, ते वाढले की एचडीएल खाली येते आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण लहान आणि घट्ट होतात, जे रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. इकडे स्नायू इन्सुलिनचे ऐकत नाहीत म्हणून साखर रक्तातच रेंगाळते, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतत राहते आणि ते वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते, ज्यातून रक्तदाबालाही हातभार लागतो. हृदयाच्या धमन्यांना हा मार चारही बाजूंनी बसतो.

म्हणूनच दोन महिन्यांत दहा किलो उतरवण्याचा तुझा बेत मला अजिबात पसंत नाही. भात-पोळी पूर्ण बंद करून, रात्री नुसत्या सूपवर राहून ते वजन उतरेलही, पण ७१ किलोच्या माणसाचे दहा किलो इतक्या वेगाने गेले तर त्यात स्नायू बराच जाईल, आणि साखर सामावून घेणारी शरीरातली सगळ्यांत मोठी जागा म्हणजे स्नायूच. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात म्हणावा असा फरक न पडता. मला या अभ्यासाचे मोल फार वाटते, कारण काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात हातपाय गाळून बसणारी माणसे मी सतत पाहतो. तू काटा बाजूला ठेव आणि टेप घे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून झाल्यावर माप घे, पँटच्या पट्ट्याच्या जागी नव्हे. वजन तीन-चार किलोच उतरले आणि कंबर पाच-सहा सेंटिमीटर कमी झाली, तर मी त्याला उत्तम प्रगती म्हणेन.

व्यायामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे तुझे गैरसमज जास्त आहेत. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. चालण्याचा हा लाभ त्याच दिवशी मिळतो आणि पुढे एक-दोन दिवस टिकून ओसरतो. त्यामुळे आठवडाभर महाप्याच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून राहायचे आणि रविवारी पाम बीच रोडवर दोन तास घाम गाळायचा, हा हिशेब जमत नाही. सलग दोन दिवस खाडा पडू देऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते आणि शक्य झाल्यास ३०० मिनिटांपर्यंत जा म्हणते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. नेरूळला तुझ्या घराजवळच ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलावाकाठचा सपाट रस्ता आहे. सुरुवातीला त्याहून चांगली जागा नाही. पावसाचे निमित्त सांगू नकोस, इमारतीचा जिना आणि पार्किंगची जागा चालते. रात्रीच्या जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे सावकाश चाललास तर जेवणानंतर चढणारी साखर बरीच आटोक्यात राहते. वहिनींनाही बरोबर ने.

चालण्याची सवय पक्की झाली, दोनेक महिने गेले आणि डॉक्टरांनी ट्रेडमिलवर ताण तपासणी करून हरकत नाही म्हटले, की पुढची पायरी चढायची. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २००८ मध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमच्याच लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एकाच मध्यम वेगाने व्यायाम केला. दुसऱ्याने चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे हलके, असे चार फेरे घेतले. १६ आठवड्यांनी शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात १६ टक्के वाढली आणि दुसऱ्यात ३५ टक्के. माणसे अवघी ३२ होती, म्हणून त्यावर सगळी इमारत उभारू नये. पण चढ-उतार असलेला व्यायाम हृदयाला अधिक कसतो, हे मी कामातही पाहतो. आमच्याकडे येऊरचा चढ आहे, तुझ्याकडे बेलापूरला पारसिक हिल. चढावर दम लागेल असे चालायचे, सपाटीवर श्वास जागेवर आणायचा. धावण्याची गरज नाही, गुडघ्यांचाही विचार कर.

याखेरीज आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच, आणि पन्नाशीनंतर तो चालण्याइतकाच महत्त्वाचा आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणे, एवढ्याने आरंभ होतो. जोर लावताना श्वास मात्र कोंडू नकोस, कारण त्याने रक्तदाब एकदम उसळतो. आणि ऑफिसात तासाभराने उठत जा. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला होता. बसून काम करण्याची किंमत तेव्हापासून माहीत आहे.

आहारात मी तुझ्याकडून एकच मोठा बदल मागतो: ताटाची मांडणी. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ, पिठले, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. सध्या तुझ्या ताटात चार पोळ्या, वर भाताचा डोंगर आणि पातळ आमटी असते. त्यात प्रथिने नावापुरती असतात. मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ यांतले काहीतरी रोज दोन्ही वेळा असू दे. कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन भाकरी-भात शेवटी घेतलास, तर त्याच जेवणाने साखर कमी चढते. ज्वारी, बाजरी, नाचणी चांगली आहे, परंतु नाचणीच्या भाकऱ्या हव्या तितक्या खाव्यात असे नाही. त्यातही पिष्टच आहे. बांगडा आणि तारली हे आपल्याकडचे स्वस्त आणि तेलकट मासे ट्रायग्लिसराइडच्या दृष्टीने सुरमई-पापलेटच्या मागे धावण्यापेक्षा फायद्याचे, फक्त रवा लावून तळण्याऐवजी तिखलं कर किंवा थोड्या तेलावर तव्यावर भाज.

ट्रायग्लिसराइडचा आकडा साखर, मैदा आणि मद्य यांना सर्वांत लवकर प्रतिसाद देतो. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. ती आधी निम्मी कर, मग बंद. फळ चावून खा, रस काढून नको. शनिवारच्या बैठकीबद्दल स्पष्टच लिहितो, हा आकडा खाली येईपर्यंत ती थांबव. संकष्टीच्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसते. त्याऐवजी राजगिरा, दही, शेंगदाणे, फळे यांवर भागव. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवे आणि ते भाजीपेक्षा पापड, लोणचे, फरसाण आणि ऑफिसखालच्या वड्याबरोबरच्या चटणीतून जास्त जाते. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. शेंगदाण्याचे चालेल, वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल नको.

आकडे एकदम बदलणार नाहीत. ट्रायग्लिसराइड आणि साखर काही आठवड्यांत हलतील, रक्तदाबाचा वरचा आकडा नियमित व्यायामाने ५ ते ८ ने उतरू शकतो, एचडीएल मात्र सर्वांत हळू चालते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी कर. वाईट कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती व्यायाम सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नकोस. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, तेव्हा व्यायामाचा जोर नाडीच्या आकड्यावर न ठरवता दमावर ठरवावा लागतो. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, घाम फुटणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला, तर तिथेच थांब आणि ‘गॅस असेल’ म्हणून घरी न जाता थेट रुग्णालयात जा. तुझ्या वडिलांना पन्नाशीतच झटका आला होता, हे डॉक्टरांना सांगितले नसशील तर पुढच्या भेटीत आवर्जून सांग.

चालू असलेल्या गोळ्यांची नावे आणि मात्रा मला लिहून पाठव, म्हणजे ताकदीच्या व्यायामाचा तक्ता त्याप्रमाणे बसवून देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक