अमेरिकेचा ‘ट्रक ड्रायव्हर व्हिसा’ नावाचा व्हिसाच नाही, साहेब

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, जिल्हा सांगली. 2018 पासून अमेरिकेत ट्रक चालवतो. त्याआधी पंधरा वर्षं तासगावची द्राक्षं आणि आटपाडीची डाळिंबं दिल्लीच्या आझादपूर मंडीत पोचवत होतो. पत्र मराठीत लिहितोय. तुमच्या कार्यालयात त्याचं भाषांतर करून द्यायला माणसं असतील, आमच्याकडच्या पोरांना मात्र इंग्रजी पत्राचं भाषांतर करून द्यायला कुणी नाही. आणि हे पत्र त्यांनीही वाचायला हवंय.

महिन्यातून दोन-तीन वेळा मला गावाकडून फोन येतो. पोरगा ओळखीचा असतो किंवा ओळखीच्याचा ओळखीचा. सुरुवात ठरलेली: “मामा, तिकडं ड्रायव्हरची लई कमी हाय म्हणं?” मागच्या वर्षी असाच एकाचा आला. वय चोवीस, बारावी पास, हेवी लायसन, दोन वर्षं दहाचाकी चालवलेली. शेजारच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एकानं ऑफिस थाटलंय. काचेवर अमेरिकेचा झेंडा, आत एसी. त्यानं पोराला सांगितलं, महिना 5,000 डॉलर, राहणं-खाणं कंपनीचं, दोन वर्षांत ग्रीन कार्ड. फी 14 लाख, त्यातले 4 आधी. वडिलांनी ट्रॅक्टर विकून 4 भरले होते. मला फोन त्यानंतर आला. आमच्याकडं विचारायचं नेहमी पैसे भरून झाल्यावरच असतं.

मी म्हटलं, ऑफर लेटर पाठव. आलं. खाली गोल, निळा शिक्का. तिथंच मला शंका आली. माझ्या इथल्या सगळ्या वर्षांत मला एकाही अमेरिकन कंपनीचा गोल शिक्का मारलेला कागद मिळालेला नाही. शिक्क्यावर भरवसा आपला, आणि ते बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पत्ता इंडियाना राज्यातला होता. पुढच्या खेपेला मी तिकडून चाललो होतो. दहा तासांची सक्तीची विश्रांती लागली तेव्हा ट्रक ट्रक स्टॉपवर लावला आणि टॅक्सी करून त्या पत्त्यावर गेलो. तिथं घरातलं जादा सामान ठेवायला भाड्यानं देतात तसल्या खोल्यांची रांग होती. नारिंगी शटर, प्रत्येकाला कुलूप. ट्रक तर सोडाच, माणूससुद्धा नव्हतं. फोटो काढून पाठवला. पोरानं तो एजंटाला दाखवला. एजंट म्हणाला, “ती जुनी ब्रँच.”

साहेब, तुम्हाला हे माहीत आहे, पण गावात कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेत ‘ट्रक ड्रायव्हर व्हिसा’ असा वेगळा व्हिसाच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचा एच-1बी ड्रायव्हरला लागू होत नाही, त्याला पदवीचं काम लागतं. एच-2बी हा हंगामी कामाचा. सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला 66,000 जागा, आणि काम तात्पुरतं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. शेतीसाठी एच-2ए असतो. कापणीच्या दिवसांत कॅन्सस-नेब्रास्काकडं धान्याच्या गाड्या ओढणारी दक्षिण आफ्रिकेची गोरी पोरं मला भेटतात, ती त्याच व्हिसावर आलेली असतात आणि हंगाम संपला की परत जातात. या दोन्ही व्हिशांसाठी कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला तिथल्या सरकारची मनाई आहे. मग 14 लाख कशाचे?

उरला कायमस्वरूपी नोकरीचा रस्ता, ईबी-3. त्यात मालकानं आधी अमेरिकेतच जाहिरात द्यायची, माणूस मिळत नाही हे कामगार खात्याला पटवायचं. त्या टप्प्याच्या वकिलाचा खर्चही मालकानंच करायचा. आणि भारतीयांची रांग? 2025 च्या अखेरीस या वर्गात भारतातल्या 2013 सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. 2013 साली हा पोरगा सहावीत होता. एजंट त्याला दोन वर्षं सांगतोय.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथं लायसन काढायचं, ही दुसरी थाप. ट्रकचं लायसन, ज्याला इथं सीडीएल म्हणतात, ते काम करायचा अधिकार दाखवल्याशिवाय मिळत नाही. फेब्रुवारी 2022 पासून परीक्षेआधी सरकारच्या यादीतल्या संस्थेत प्रशिक्षणही सक्तीचं आहे.

मी कसा आलो, हेही लोक विचारतात. माझ्या सख्ख्या बहिणीनं 2002 साली अर्ज केला होता. व्हिसा हातात पडला 2017 साली. पंधरा वर्षं. आणि तो बहिणीचा भाऊ म्हणून मिळाला, ड्रायव्हर म्हणून नाही. आल्यावर पहिलं वर्ष मी एका मोटेलात चादरी धुतल्या. हे मी गावात सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, मामा आता आपल्याला वर येऊ द्यायला तयार नाही.

पंजाबी पोरांचं उदाहरण एजंट हमखास देतात. खरं आहे, आय-40 महामार्गावर ओक्लाहोमातल्या सेयर गावात मी पंजाबी ढाब्यावर तंदुरी रोटी खाल्लीय, आणि डोळ्यांत पाणी आलंय. पण 1984 नंतर आलेल्या कुटुंबांनी इथं तीन-चार दशकं घालून गाड्या, गॅरेज, ढाबे, गुरुद्वारे उभे केलेत. पंजाबी पोरगा अडकला तर त्याच्यासाठी रात्री दोन वाजता कुणीतरी निघतं. सोनं-चांदी गाळणारे आमचे गलाईवाले भारतातल्या शहराशहरांत सोन्या-चांदीच्या पेठांत एकमेकांना धरून उभे राहिले, तसलं हे काम आहे. आमच्या ड्रायव्हर पोरांना इथं ते नाही. आणि त्या पंजाबी पोरांचेही दिवस सध्या बरे नाहीत.

कारण ऑगस्ट 2025. फ्लोरिडात एका ट्रकनं महामार्गावर मध्येच वळण घेतलं आणि त्यावर आदळलेल्या गाडीतली तीन माणसं गेली. चालक भारतीय होता. नऊ दिवसांत अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरात परदेशी नागरिकांच्या सीडीएलवर कडक नियम आला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. नोव्हेंबरात एकट्या कॅलिफोर्नियानं 17,000 चालकांना परवाने रद्द होणार असल्याच्या नोटिसा धाडल्या. हे सगळं चालू असताना एसटी स्टँडसमोर फी घेणं चालूच होतं. त्या महिन्यांत मला उलट जास्त फोन आले. “आता सीटा कमी हायत, लौकर करा,” असं एजंट सांगत होता म्हणे.

भाषेचं वेगळंच. ड्रायव्हरला इंग्रजी यायला हवं हा नियम जुना, पण 25 जून 2025 पासून तो रस्त्यावर लागू झाला. तपासणीला थांबवलं की अधिकारी इंग्रजीतच बोलतो, कुठून आलास, काय भरलंय, लॉगमध्ये, म्हणजे चालवल्याच्या तासांच्या नोंदीत, इथं असं का, ही पाटी काय सांगते. जमलं नाही तर गाडी तिथंच उभी. मला वायोमिंगमध्ये थांबवलं होतं. मी बरोबर उत्तरं दिली तरी तो दोनदा “पार्डन?” म्हणाला आणि माझा घसा कोरडा पडला. आमच्या पोरांना पाटी वाचता येईल हो, पण वर्दीतला सहा फुटी माणूस खिडकीशी उभा असताना बोलता येईल का?

पैशाचं सांगतो, कारण सगळं त्यापाशीच येतं. इथं बहुतेकांना पगार मैलावर मिळतो. समजा मैलाला 60 सेंट आणि आठवड्याला 2,500 मैल पडले, तर 1,500 डॉलर. पडले तर. गोदामाच्या दारात चार-पाच तास माल उतरायची वाट बघायची, त्यातले पहिले दोन तास बहुतेक ठिकाणी फुकट. हिवाळ्यात वायोमिंगमध्ये आय-80 वारा आणि बर्फानं बंद होतो. रॉलिन्सला मी दोन दिवस अडकून पडलो होतो. चाक फिरलं नाही, डॉलर नाही. ओव्हरटाइम 1938 च्या कायद्यानंच बहुतेक ट्रकवाल्यांना नाकारलाय. अमेरिकन कामगार खात्याच्या 2024 च्या आकडेवारीत मोठ्या ट्रकच्या चालकाची मधली कमाई वर्षाला 57,440 डॉलर आहे, म्हणजे निम्म्यांची याहून जास्त, निम्म्यांची कमी. त्यातून कर, घरभाडं, विमा. वाईट नाही. पण यूट्यूबवर दाखवतात ते नाही.

आणि नव्या माणसाला कंपनी म्हणते, ट्रक हप्त्यावर घे, तुझ्याच नावावर होईल. मग दर आठवड्याला ट्रकचा हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती कापून हातात कधी 200 डॉलर, कधी उलटं देणं. या पद्धतीवर बंदी घाला अशी शिफारस अमेरिकेच्याच सरकारनं नेमलेल्या गटानं जानेवारी 2025 मध्ये केलीय. कर्ज काढून आलेला पोरगा यात सापडला तर दोन्हीकडून हप्ते.

चांगलंही लिहायला हवं, नाहीतर मी खोटा ठरेन. इथं झोप कायद्यानं मिळते. 11 तास चालवायचं, मग सलग 10 तास आराम. गाडीतलं यंत्र मोजतं आणि ते मालकाचं ऐकत नाही. द्राक्षाच्या सीझनला आम्ही दोघं आळीपाळीनं झोपत दिल्ली गाठायचो. माल कुजायच्या आत पोचायचं, एवढाच कायदा. पोरं पळतात ती डॉलरसाठीच असं नाही. कुणी ‘ए ड्रायव्हर’ म्हणू नये, यासाठीही पळतात. ऑक्टोबर 2025 पासून आपल्याकडं नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला हे वाचून मला खरंच बरं वाटलं. पण हा भाग गडकरीसाहेबांचा, तुम्हाला कशाला सांगू.

तुमच्या खात्याचं सांगतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानं नोंदणी नसलेल्या एजंटाला परदेशी नोकरीसाठी माणसं जमवता येत नाहीत. नोंदणी असलेल्यालाही 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. छान कायदा आहे. पण सरकारची नजर आखाती देशांवर. दहावी न झालेला माणूस सौदीला निघाला तर परवानगी लागते, विमा लागतो, विमानतळावर कागद बघतात. अशा 18 देशांच्या यादीत अमेरिका नाही. आमचा पोरगा बारावी पास, चाललाय अमेरिकेला, म्हणजे तो शिकलेला, शहाणा, त्याला कुणी फसवणार नाही असं सरकारनं धरूनच टाकलंय.

5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात अमेरिकेनं परत पाठवलेले 104 जण होते, हातापायांत बेड्या. गुजरात, हरियाणा, पंजाबची नावं सगळ्यांनी वाचली. त्यात तिघं महाराष्ट्राचेही होते. तिघंच, म्हणून आमच्याकडं ती बातमी दुसऱ्यांची वाटली.

तुमच्या खात्यानं 2025 साली त्या जुन्या कायद्याच्या जागी नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला. त्यात देशांच्या यादीकडं न बघता एजंटाकडं बघा, एवढीच विनंती. पैसे घेणारा माणूस आपल्याच तालुक्यात बसलेला असतो, त्याला धरायला अमेरिकेची परवानगी लागत नाही. पंजाबनं 2012 साली ट्रॅव्हल एजंटांसाठी राज्याचा कायदा केला. त्यानं सगळं थांबलं असं नाही, पण निदान पोलीस ठाण्यात तक्रार कुठल्या कलमाखाली लिहायची ते तरी कळतं. आमच्या पोराच्या वडिलांना हवालदारानं सांगितलं, “तुमचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा.”

दुसरं, ‘अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरसाठी वेगळा व्हिसा नाही’ हे एक वाक्य मराठीत छापून आरटीओत जिथं हेवी लायसनची फोटोची रांग लागते तिथं लावा. एसटी स्टँडवर लावा. दिल्लीच्या वेबसाइटवर इंग्रजीत सूचना असते, ती गावापर्यंत पोचत नाही.

आणि ज्यांना जायचंच आहे त्यांना सरकारी दार दाखवा. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात चालकही होते. मी तेव्हा चार पोरांना म्हटलं, जर्मन शिका, थांबा. त्यातले दोघं अजून मला विचारतात, पुढं काय झालं? मला उत्तर देता येत नाही. तुम्हाला येईल.

त्या पोराचे 4 लाख परत आलेले नाहीत. तो आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, काही वेळा वडिलांनी विकलेलाच. ऑफिस मात्र चालू आहे. मागच्या महिन्यात त्यानं फोटो पाठवला, काचेवरचा अमेरिकेचा झेंडा काढून तिथं पोलंडचा लावलाय. ऑफिस सकाळी अकरा वाजता उघडतं, रविवारी बंद असतं.

आपला,
एक ट्रकचालक
मूळ गाव खानापूर तालुका, जि. सांगली
मुक्काम: गाडी जिथं उभी असेल तिथं