दोन इस्पिकवर चार किलवर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

परवा रविवारी ब्रिज खेळताना माझ्या उजवीकडच्या खेळाडूने दोन बदामची बोली लावली. माझ्या हातात इस्पिकची पाच आणि चौकटची सहा पानं होती. मी चार चौकट म्हणाले. समोर बसलेल्या माझ्या भिडू ताईंनी क्षणभर विचार केला, चार इस्पिक म्हणाल्या आणि त्यासाठी लागणारे बरोबर दहा हात झाले. पानं गोळा करताना माझे डोळे भरून आले. ताईंना वाटलं, डाव जिंकल्याचा आनंद. मला तुमची आठवण आली होती. तुम्ही नाशिकला लेकीकडे राहायला गेलात तेव्हा नीट आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.

मी ब्रिजकडे आले तेच मुळी उशिरा. आमच्याकडे पत्ते म्हणजे मेंढीकोट नाहीतर बदाम सात. २०१८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोडीचं सुवर्णपदक आणलं. बर्धन ६० वर्षांचे होते, मी ५८ची. पेपरातली ती बातमी मी कापून ठेवली आणि शिकायचं ठरवलं.

आधी दोन वर्षं ज्या मंडळींत खेळले, त्यांचं नाव इथे घेत नाही. पण तिथलं विसरलेले नाही. डाव बिघडला की पानं टेबलावर आपटायची. "बाई, हे पाढे शिकवण्यासारखं नसतं," असं चारचौघांत ऐकवायचं. प्रतिस्पर्ध्याने उंच बोलीने सुरुवात केली आणि आपल्याकडे दोन तगडे रंग असले तर काय बोलावं, असं मी तिथे कितीदा विचारलं. उत्तर एकच: "अनुभवाने येतं." त्यांना त्यासाठीची बोली ठाऊक होती, काका. आपसात ते वापरत होते. ठाऊक असून सांगितली नाही, याचा राग अजून जात नाही.

मग परभणीतली ती संध्याकाळ. तुमचे नेहमीचे भिडू आले नव्हते, म्हणून तुम्ही मला समोर बसवलंत. उजवीकडून दोन इस्पिक आले. माझ्याकडे बदामचे एक्का, राजा, गुलाम धरून पाच, किलवरचे राजा, राणी, गुलाम, दस्सी धरून सहा, चौकटचा एकटा एक्का आणि इस्पिकचं एकच पान. इतकी सुंदर पानं क्वचितच आली असतील! मी तीन बदाम म्हणाले. डावीकडून थेट चार इस्पिक. तुम्ही पास, मीही पास. त्यांचा एक हात कमी पडला, आपल्याला पन्नास गुण मिळाले. आणि तुमच्याकडे बदामचं एकच पान पण किलवरची एक्क्यासकट चार पानं निघाली. पाच किलवर आरामात झाले असते, चारशे गुणांचे. पलीकडच्या टेबलावर झालेही.

मी मान खाली घालून बसले. आता ऐकावं लागणार, हे टेबलावरच्या सगळ्यांनाच वाटत होतं.

तुम्ही उठलात. गुडघ्याचं दुखणं असताना टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आलात आणि म्हणालात, "ताई, जरा उठा बरं. तुम्हाला इथून काय दिसायलंय ते बघू द्या मला." माझ्या खुर्चीत बसलात. माझी तेरा पानं उचलून, मी लावली होती तशीच रंगवार लावलीत. मिनिटभर त्यांच्याकडे बघत राहिलात. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "इथून तीन बदामच दिसतंय. यांच्याकडे दुसरी बोलीच नव्हती, मी बसायच्या आधी ठरवायला पाहिजे होती. चूक माझी."

काका, ३४ वर्षं मी वर्गात उभी राहिले. लेकराचं उत्तर चुकलं की त्याच्या बाकावर बसून, त्याला फळा कसा दिसतो ते मी किती वेळा बघितलं असेल? फार थोड्या वेळा.

त्यानंतरचं सगळं सोपं होतं. दोन इस्पिकवर मधली तीनची पायरी सोडून, उडी मारून चार किलवर म्हणजे किलवर आणि बदाम, चार चौकट म्हणजे चौकट आणि बदाम. दोन बदामवर तेच, फक्त बदामच्या जागी इस्पिक. दोन्ही रंग किमान पाच-पाच पानांचे आणि पानं जोरदार. याला लीपिंग मायकल्स म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रतिस्पर्ध्याने सहा पानांचा रंग आणि किरकोळ ताकद घेऊन आपल्या बोलण्याची जागा खाल्लेली असते. उरलेल्या जागेत एका बोलीत भिडूला दोन्ही रंग कळले, तर चार इस्पिक आले तरी तो गप्प बसत नाही. पाच मिनिटांची गोष्ट. दोन वर्षं मला ती मिळाली नव्हती.

चांगलं खेळणारी माणसं मी बरीच बघितली. चूक समोरच्याची दिसत असताना आधी त्याच्या जागी जाऊन बघणारा माणूस मी घरात, शाळेत, गावातही मोजकाच बघितलाय. तुमच्याकडून पत्ते शिकले म्हणताना मला ते अपुरं वाटतं.

रविवारच्या ताई नवीन आहेत, मला विचारून विचारून खेळतात. खेळ सुरू व्हायच्या आधी मीच त्यांना म्हटलं, दोनवरच्या उड्या ठरवून घेऊ. पण तीनवरून कुणी सुरुवात केली तर उडी न मारता चार किलवर, चार चौकट कसं वापरायचं, ते तुम्ही एकदा सांगितलं होतं आणि माझं अर्धवटच राहिलंय. दिवाळीला परभणीला याल तेव्हा ते पूर्ण करू. गुडघ्याला जपा.

तुमची भिडू